पाहणारांचा कौल

चित्रपटांचे इतिहास आजवर पुष्कळ लिहिले गेले. दिग्दर्शकांचे आहेत, नटनट्यांचे आहेत, चित्रसंस्थांच्या भरभराटीचे आणि दिवाळ्यांचेही आहेत. परंतु पदरचे पैसे मोडून ज्यांनी ते चित्रपट पाहिले त्यांना काय वाटले, याचा इतिहास फार थोड्यांनी लिहिला. आम्हांला हा विषय सुचला तो आमच्या धंद्यामुळे. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करतो, आणि त्या कामात सभासदाला त्याचे मत विचारणे ही गोष्ट रोजची आहे. मत विचारण्याची जागा बदलली की मत बदलते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. गेटसभेत हात वर करणारा माणूस घरी, बायकोपोरांत, निराळे बोलतो. दोन्ही वेळा तो खरेच बोलत असतो. जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या वाट्याला नेमके हेच आले. त्यांचा पहिला निकाल चित्रगृहाच्या अंधारात, शेकडो माणसांच्या संगतीत लागला; दुसरा निकाल तीसचाळीस वर्षांनी, व्हिडिओच्या फितीवर आणि पुढे चकतीवर, लोकांच्या घरी लागला. या दोन निकालांत जे अंतर पडले त्याविषयी येथे बोलावयाचे आहे.

पहिला निकाल कसा लागत असे ते आधी पाहू. १९४६ साली ब्रिटनमध्ये १६३ कोटींवर तिकिटे विकली गेली. देशाची वस्ती पाच कोटींच्या आतबाहेर. म्हणजे तान्ही मुले धरूनही दर माणशी वर्षाला तीसांहून अधिक खेळ झाले. एवढी गर्दी तेथे आधी कधी झाली नव्हती, नंतरही झाली नाही. खेळ सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चाले. कामावरून सुटलेला माणूस चित्रपट अर्ध्यावर आलेला असताना आत शिरे, शेवट पाही, मग बातमीपट आणि दुसरा दुय्यम चित्रपट पाही, आणि आपण आलो तो प्रसंग पुन्हा आला की उठून जाई. कथेचा शेवट आधी आणि आरंभ मागून, अशा रीतीने पाहिलेल्या चित्रपटांविषयी कोट्यवधी लोकांनी मते बनविली. आठवड्याने फलक बदले. पुन्हा पाहीन म्हटले तर सोय नव्हती. मालकाच्या दृष्टीने प्रेक्षकाचे मत म्हणजे तिकीटखिडकीवरचा गल्ला; त्याहून अधिक चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते.

तरीही कोणी ती केलीच. १९३७ साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हंफ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाची संस्था काढली. परदेशांतल्या आदिवासींचा अभ्यास जसा विद्वान करतात तसा आपल्याच देशातल्या सामान्य माणसांचा करावयाचा, हा तिचा हेतू. अभ्यासासाठी त्यांनी लँकेशायरमधील बोल्टन हे कापूसगिरण्यांचे गाव निवडले. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला लँकेशायर हे नाव नवे नाही. तेथल्या कापडाशी स्पर्धा करीतच आमच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेथल्या कारखान्यांत घडविलेले साचे आमच्या वडीलधाऱ्यांनी चालविले. बोल्टनच्या तीन चित्रगृहांत १९३८ साली प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. एक चित्रगृह नवे, थाटाचे, एक मध्यम, एक अगदी साधे, गरिबांचे. साडेपाचशेच्या वर उत्तरे आली. सूतकताई करणाऱ्या बाया, दुकानांतली पोरे, गृहिणी यांनी आपल्या हाताने लिहिले की आम्हांला काय आवडते. निम्म्याहून अधिकांनी सरळ सांगितले की अमेरिकन चित्रपट बरे. त्यांत हालचाल असते. आपल्याकडच्या चित्रपटांतली माणसे ताठ वागतात, संथ बोलतात, ही तक्रार.

या तक्रारीचे मर्म आम्हांला स्पष्ट दिसते. त्या काळच्या ब्रिटिश पडद्यावर बोल्टनचा माणूस येई तो नोकर म्हणून किंवा विदूषक म्हणून. त्याला स्वतःचे असे काही म्हणावयाचे असेल हे पटकथा लिहिणारांस सुचत नसे; आणि एखाद्यास सुचलेच तर परिनिरीक्षण मंडळ आडवे येई. वॉल्टर ग्रीनवूडची ‘लव्ह ऑन द डोल’ ही बेकारीवरील कादंबरी १९३३ साली निघाली, लगेच तिचे नाटक झाले, ते लोकांनी गर्दी करून पाहिले. चित्रपटाला मात्र मंडळाने १९३६ मध्ये परवानगी नाकारली. तो निघाला १९४१ साली, तेव्हा युद्धामुळे बेकारी संपली होती. आजार बरा झाल्यावर औषधाची परवानगी! १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’त पॉल रोबसन वेल्सच्या खाणकामगारांत वावरतो. मूळ योजनेप्रमाणे शेवटी कामगार खाण स्वतःच्या ताब्यात घेऊन चालविणार होते. युद्ध पेटले आणि शेवट बदलला. जे दाखविलेच नाही त्यावर प्रेक्षक मत काय देणार? मतपत्रिकेवर नावच नसलेल्या उमेदवारासारखे ते झाले.

युद्धानंतर जे. पी. मेयर या अभ्यासकाने ‘पिक्चरगोअर’ या नियतकालिकाच्या वाचकांकडून चित्रपटांविषयीची आत्मवृत्ते मागविली आणि १९४६ व १९४८ साली दोन ग्रंथांत ती छापली. विद्वानांनी त्या वेळी या ग्रंथांना फारसे मोठे मानले नाही. आम्हांला मात्र असल्या कागदांचे मोल अधिक वाटते. टीकाकार काय म्हणाला ते वृत्तपत्रांच्या फायलींत सापडतेच. टंकलेखिका काय म्हणाली ते अशाच ठिकाणी सापडते.

पुढे दूरचित्रवाणी आली, चित्रगृहे ओस पडत गेली. १६३ कोटींची संख्या घसरत घसरत १९८४ साली ५ कोटी ४० लाखांवर आली. चित्रगृहांच्या दृष्टीने हा तळ. आणि नेमक्या याच वर्षी व्हिडिओचे युग ब्रिटनमध्ये पुरते स्थिरावले होते. व्हीएचएस यंत्रे तेथे १९७८ मध्ये आली. दूरचित्रवाणी संच महिन्याच्या भाड्याने घेण्याची चाल त्या देशात आधीपासून होती. त्याच दुकानांतून हीही यंत्रे भाड्याने मिळू लागली, त्यामुळे कामगारांच्या घरांत ती लवकर शिरली. व्हिडिओच्या फितींवर सरकारी नियंत्रण ठेवणारा कायदाही १९८४ चाच. आणि मार्च १९८४ पासून मार्च १९८५ पर्यंत खाणकामगारांचा तो प्रसिद्ध संप चालला. त्या संपात स्वतंत्र चित्रपट-कार्यशाळांनी कामगारांची बाजू मांडणारे लहान लहान पट व्हिडिओवर काढले आणि त्यांच्या फिती खाणींच्या गावांतून व संघटनांच्या शाखांतून फिरविल्या. ‘मायनर्स कँपेन टेप्स’ या नावाने ते ओळखले जातात. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी विरोधात असताना कामगारांनी तेच यंत्र आपले केले, ही गोष्ट गृहव्हिडिओच्या इतिहासात बहुधा तळटीपेत जाते. आमच्या मते ती मुख्य मजकुरात हवी.

येथे मुंबईचे एक सांगून ठेवतो. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या भागात व्हिडिओ आला तो घरात नव्हे, चाळीत. वर्गणी काढून एका रात्रीपुरते यंत्र आणि संच भाड्याने आणावयाचा, गॅलरीत किंवा गच्चीवर मांडावयाचा, आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट सलग पाहावयाचे. ते हिंदी असत. ब्रिटिश चित्रपटाचे नाव कोणास ठाऊक नव्हते. पण इंग्रज ज्या यंत्रामुळे चित्रगृह सोडून घरात जाऊन बसला, त्याच यंत्रासाठी आम्ही घर सोडून गच्चीवर जमलो, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्र एकच, माणसे त्याचे काय करतात ते खोल्यांच्या आकारावर ठरते.

आता दुसऱ्या निकालाकडे येऊ. घरच्या यंत्राने पाहणाराला पूर्वी नसलेले तीन हक्क दिले : थांबविण्याचा, मागे नेण्याचा आणि पुन्हा पाहण्याचा. कोर्टाच्या भाषेत सांगावयाचे तर अपिलाची सोय झाली. आणि अपिलात कित्येक खटले उलटले.

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’चेच घ्या. १९४३ साली, भर युद्धात, त्यांनी एका म्हाताऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची आणि त्याच्या जर्मन मित्राची गोष्ट सांगितली. चर्चिलसाहेबांचा पारा चढला. चित्रपट थांबविण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो साधला नाही, तरी परदेशी पाठवणीस काही काळ मोडता घातला गेला. पुढे वितरकांनी त्यास कात्री लावली ती अशी की, गोष्ट म्हातारपणापासून मागे तारुण्यात जाते ही रचनाच नाहीशी झाली. मग या चित्रपटाविषयीचे एका पिढीचे मत कशाविषयीचे मत मानावयाचे? पूर्ण लांबीची, १६३ मिनिटांची प्रत १९८३ मध्ये पुन्हा सिद्ध झाली. तीच पुढे चकत्यांवर आली आणि ज्यांनी ती घरी सावकाश पाहिली त्यांना उमगले की पहिल्या अर्ध्या तासात ज्या टकल्या, गलेलठ्ठ म्हाताऱ्याला आपण हसलो, त्याला हसणे किती उतावीळपणाचे होते. हा चित्रपट मागे जाऊन पुन्हा पाहण्यासाठीच जणू केलेला आहे, आणि निघाला तेव्हा ती सोय नव्हती.

त्याच पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’ला १९६० साली टीकाकारांनी जे फोडून काढले त्यास तोड नाही. ‘ट्रिब्यून’ हे मजूर पक्षाच्या डाव्या गटाचे साप्ताहिक, आमच्याच पंथाचे म्हणा ना. त्याच्या टीकाकाराने हा चित्रपट फावड्याने गोळा करून जवळच्या गटारात सोडून द्यावा असे सुचविले. चित्रपट चटकन उतरविला गेला. ब्रिटनमध्ये पॉवेलला पुढे धडसे काम मिळेना. म्हणजे सामान्य प्रेक्षकाला मत बनविण्यास वेळच मिळाला नाही. निकाल पंचांनी परस्पर दिला. १९७९ साली अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या खटपटीने न्यूयॉर्कच्या महोत्सवात तो पुन्हा दाखविला गेला, आणि मग फितीवरून व चकतीवरून लोकांपर्यंत पोचला. डिलिस पॉवेल या जुन्या टीकाकार बाईंनी १९९४ साली, नव्वदी ओलांडल्यावर, आपले जुने मत जाहीरपणे मागे घेतले. असा सरळपणा आमच्या चळवळीतील पुढाऱ्यांत आम्हांला क्वचितच आढळला.

परंतु आम्हांला ज्यांविषयी मनापासून बोलावयाचे आहे ते चित्रपट कामगारांविषयीचे. त्यांच्या बाबतीत अपिलाचा निकाल इतका सरळ नाही.

‘आय अ‍ॅम ऑल राइट जॅक’ हा बोल्टिंग बंधूंचा चित्रपट १९५९ साली निघाला आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये त्याने गर्दीचा उच्चांक केला. क्षेपणास्त्रांच्या कारखान्यातील कामगार पुढारी फ्रेड काइट याची भूमिका पीटर सेलर्सने केली. आखूड मिशी, घट्ट कोट, बोलणे पुस्तकी आणि तेही चुकीचे, स्वप्ने रशियाची, आणि दर दहा मिनिटांनी नियमावलीचा हवाला. लोक पोट धरधरून हसले. पुढच्या तीस वर्षांत ब्रिटनमधील कोणाही आडमुठ्या पुढाऱ्याला काइट म्हणण्याची रीत पडली. संघटनांविरुद्ध बोलणारांना आयते बाहुले मिळाले.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो संघटनेच्या एका अभ्यासवर्गात, चकतीवरून, पंचवीसतीस कार्यकर्त्यांसह. काइट बोलू लागला तसे आमचेही लोक हसले. सांगावयास हरकत नाही, काहींनी हसता हसता आमच्याकडे पाहिले. मग एकाने चित्रपट थांबविण्यास सांगितले आणि विचारले, ‘हा संप घडवून कोण आणतो आहे?’ आम्ही मागे नेऊन पुन्हा पाहिले. कथा अशी आहे की कारखान्याच्या मालकाला संप हवाच आहे. संप झाला की परदेशाशी झालेला करार त्याच्या सोबत्याच्या कंपनीकडे जावयाचा, चढ्या भावाने. आणि वरचा पैसा मालक, सोबती आणि परदेशी गिऱ्हाईक यांनी वाटून घ्यावयाचा. त्यासाठी आपल्याच भाच्याला, काही न कळणाऱ्या उच्चकुलीन पोराला, त्याने कामगारांत पेरले आहे. घड्याळ घेऊन फिरणारा मोजणीदार त्या भोळ्या पोराकडून काम किती लवकर होते ते काढून घेतो. मोजणीदाराचा तो प्रसंग आमच्या जुन्या लोकांना समजावून सांगावा लागला नाही. दोनऐवजी तीन साचे चालविण्याच्या प्रश्नावर मुंबईत १९२८ साली सहा महिने संप झाला होता. त्याच्या गोष्टी ऐकतच ते मोठे झालेले.

तर मग १९५९ साली मालकाची लबाडी कोणाला दिसली नाही काय? दिसली असेलच, चित्रपट ती झाकीत नाही. पण सभागृहात हसण्याला सांसर्गिक वेग असतो, आणि सेलर्सच्या हातात तो वेग होता. मालकाच्या खोलीतली कारस्थाने शांतपणे चालतात. तेथे हसे पिकत नाही, म्हणून लक्षात राहत नाही. घरी बसून, संसर्ग टाळून पाहणाराला तोल दिसतो. शेवटी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात तो भाचा लाचेच्या नोटा उधळतो आणि जमलेली माणसे त्यांवर तुटून पडतात. तेथे काइट आणि मालक एकाच मापाने मोजले गेले आहेत, हे खरे. त्या मापाशी आमचे भांडण आहे. दोघेही स्वार्थी, म्हणून दोघे सारखे, हे गणित ज्याला पगारावर जगावे लागत नाही तोच मांडू शकतो.

त्याहून कितीतरी समंजस चित्रपट आठ वर्षे आधी, १९५१ साली, ईलिंगच्या चित्रशाळेत झाला होता : अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा ‘द मॅन इन द व्हाइट सूट’. अ‍ॅलेक गिनेसने रंगविलेला एक धुनी रसायनतज्ज्ञ न मळणारे, न विरणारे कापड शोधतो. गिरणीमालक घाबरतात, कारण एकदा कापड विकले की गिऱ्हाईक कायमचे गेले. कामगार त्याच कारणाने घाबरतात. दोघे मिळून त्या एकट्याच्या मागे लागतात. ईलिंगच्या चित्रपटांना गोड, घरगुती विनोद म्हणून चकत्यांच्या पेटीत घालून विकले जाते. पण हा गोड नाही. त्यात धुणे धुऊन पोट भरणारी एक म्हातारी आहे. कोणाचेच कपडे मळणार नाहीत तेव्हा आपल्या धुण्याचे काय, असे ती त्या तज्ज्ञाला विचारते, आणि त्याला उत्तर सुचत नाही. आमच्या वर्गात या प्रश्नानंतर कोणी हसले नाही. एक निवृत्त विणकर म्हणाले, ‘बाई बरोबर बोलते, पण पोरगाही काही वाईट नाही.’ सत्तर वर्षांत या चित्रपटावर जे लिहिले गेले त्याचे सार एवढेच आहे.

तिसरा चित्रपट ‘द अँग्री सायलेन्स’, १९६० चा. अनधिकृत संपात सामील न होणाऱ्या एका कामगाराला सोबती वाळीत टाकतात. रिचर्ड अ‍ॅटनबरोने तो उभा केला. दक्षिण वेल्समधील खाणकामगारांच्या काही संस्थांनी आपल्या चित्रगृहांत हा चित्रपट लावण्याचे नाकारले. प्रेक्षकांनी पाहण्यापूर्वीच दिलेला हा कौल. त्यांचा राग आम्हांला समजतो. कारण चित्रपटात संप पेटविणारा माणूस कोठून तरी आगगाडीने येतो, पेटवितो आणि निघून जातो. जणू कामगारांना स्वतःचे असे काही दुखतच नव्हते. पण वाळीत टाकण्याची जी क्रूरता त्यात दाखविली आहे, जेवणाच्या टेबलावरून एकेक जण उठून जाण्याची, ती खोटी नाही. आम्ही तीही पाहिली आहे, आणि ती थांबविण्यासाठी नेहमीच धावून गेलो असे कोणत्याच संघटनेला म्हणता येणार नाही. असा चित्रपट बंदी घालून नव्हे, तर समोर बसवून, मधे मधे थांबवून, भांडत भांडत पाहावा. घरच्या यंत्राने हे शक्य केले. फक्त भांडावयास सोबत कोणी हवे.

सोबतीची ही उणीव हाच गृहव्हिडिओचा मोठा तोटा होय. १९९९ मध्ये ब्रिटिश चित्रपट संस्थेने चित्रव्यवसायातल्या लोकांकडून उत्तम शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी करविली. पहिला ‘द थर्ड मॅन’, दुसरा ‘ब्रीफ एन्काउंटर’, सातवा ‘केस’. तिसरा कोणता हे विचारणारे असतात, पण त्यातून निष्पन्न काही होत नाही. ‘ब्रीफ एन्काउंटर’विषयी डेव्हिड लीन सांगत की तो प्रथम एका गोदीच्या गावात दाखविला तेव्हा प्रेक्षक भलत्याच जागी हसत सुटले. आज तोच चित्रपट एकटीने किंवा एकट्याने, दिवा मंद करून, पाहिला जातो आणि डोळे पुसले जातात. खरा निकाल कोणता? गोदीतल्या बायांना त्या मध्यमवर्गीय घुसमटीचे हसू आले असेल तर तेही आम्ही मत म्हणूनच नोंदवू.

‘केस’ची गोष्ट निराळी. केन लोच यांनी १९६९ मध्ये बार्न्सली या खाणीच्या गावातल्या एका पोराची आणि त्याने पाळलेल्या शिकारी पक्ष्याची कथा सांगितली, तीही त्या गावच्या बोलीत. ही बोली कोणास समजणार म्हणून वितरक कचरले. चित्रपट आधी उत्तरेकडे लागला. आम्ही इंग्रजी शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, निवाड्यांच्या प्रती आणि शब्दकोश पुढे ठेवून. ही बोली कानाने आम्हांला कधीच कळली नसती. चकतीवर संवाद अक्षरांत येतात, त्यामुळे कळली. लंडनच्या वितरकाला जी परकी वाटली ती परळच्या माणसाने वाचून घेतली. मुख्याध्यापकाच्या खोलीबाहेर उभी असलेली पोरे पाहून आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या शाळेचे नाव घेतले.

आता चकत्यांचाही काळ सरत आला. जुने, विस्मरणात गेलेले ब्रिटिश चित्रपट शोधून काढून विकणारी नेटवर्क ही कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. तिने काढलेल्या कित्येक चित्रपटांची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. बोल्टनची १९३८ ची उत्तरे मात्र जपलेली आहेत. ती ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि कोणीही जाऊन वाचू शकतो. ती गोळा करणारी संस्था काढणारांपैकी जेनिंग्ज स्वतः चित्रपटही करी. १९३९ च्या त्याच्या ‘स्पेअर टाइम’ या लहानशा पटात पोलाद, कापूस आणि कोळसा या तीन धंद्यांतली माणसे सुटीच्या वेळात काय करतात ते आहे. त्यात बोल्टनही आहे, आणि बोचऱ्या थंडीत पातळ पोशाखात कवायत करीत तोंडाने वाजविण्याची पिपाणी वाजविणारे एक पथक आहे. त्याच्याच सहकाऱ्यांना वाटले की त्याने कामगारांची टर उडविली. २०११ मध्ये जेनिंग्जचे पट चकतीवर निघाले तेव्हापासून आम्ही तो प्रसंग चारपाच वेळा पाहिला आहे. त्यातल्या मुली थंडीने आखडलेल्या आहेत, ताल कोठे कोठे चुकतो आहे, पण एकही पाऊल मागे पडत नाही; आणि टर उडविणारा माणूस इतका वेळ टक लावून पाहत नाही.